ओळखीचा पेशंट

लोर्ना केटुनेनला कुणाचं नाव विचारायची वेळच येत नसे. वीस वर्षं तिनं शाळेची पिवळी बस चालवली होती. कुठलं पोर कुठल्या वळणावर चढतं, कुणाचा बाप कुठल्या रंगाची टोपी घालतो, कुणाच्या कुत्र्याचा बसवर राग आहे, सगळं तिला तोंडपाठ. पुढे दोन गावांच्या शाळा एक झाल्या, तिचा मार्ग बंद पडला, आणि लोक आता बाई काय करते म्हणून बघत असताना तिनं सेहेचाळिसाव्या वर्षी सरकारी कॉलेजात नाव घातलं. तेही रक्त-लघवीच्या तपासण्या शिकवणाऱ्या मेडिकल लॅबच्या वर्गात.

तिच्या नवऱ्यानं, डेलनं, एवढंच विचारलं, "तुला रक्त बघून चक्कर तर नाही ना येत?"

"वीस वर्षं पोरांच्या ओकाऱ्या पुसल्या मी," लोर्ना म्हणाली. "रक्ताचं काय घेऊन बसलास!"

आणि खरोखरच बाईचा हात चांगला निघाला. पहिल्या सत्रात सगळ्यांनी एकमेकांच्याच हातांवर शिकायचं असतं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला निम्मा वर्ग लांब बाह्यांचे स्वेटर घालून बसला होता, कारण कोपरांवर काळेनिळे डाग. लोर्नाच्या जोडीदाराच्या हातावर मात्र डाग नसे. ती शीर डोळ्यांनी शोधतच नसे. बोटानं चाचपायची, 'ही बघ, इथं लपलीय सटवी' म्हणायची, आणि समोरचा दात-ओठ आवळायच्या तयारीत असताना नळी भरूनही झालेली असायची. तिचं सगळे कौतुक करत. कुणी विसरला तर ती स्वतःच करून घेई.

तिची जोडीदार होती कोलेट बोड्री. वय एकवीस, पलीकडच्या खाडीवरच्या कोळ्याची मुलगी. अंगानं उंच, पण बोलायची अशी, जणू प्रत्येक वाक्याला कुणाची तरी परवानगी घ्यायची आहे. सुई लावायच्या आधी दोनदा मागे घ्यायची, कान लाल व्हायचे. नाताळच्या सुट्टीत तिनं कॉलेज सोडायचं ठरवलंच होतं. लोर्ना बर्फातून गाडी हाकत तिच्या घरी गेली, तिच्या आईसमोर तिला झाडली आणि जानेवारीत पुन्हा वर्गात आणून बसवली. तेव्हापासून रोज सकाळी लोर्नाच गाडीतून तिला आणायची आणि सोडायची. कोलेटच्या लेखी लोर्नाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता, आणि लोर्नालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दोघींचं भांडण होई ते एकाच गोष्टीवरून. त्यांच्या शिक्षिका रूथ हापाला यांनी तीस वर्षं ब्लड बँकेत काढली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "सुई लावायच्या आधी माणसाला त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायला लावायची. 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारायचं नाही. आजारी माणूस कशालाही मान डोलावतो. नाव त्याच्या तोंडून यायला हवं. मग मनगटावरचा पट्टा वाचायचा. अख्खा."

कोलेट हे शब्दन् शब्द पाळायची. सुई हातात धरून लोर्नाला विचारायची, "पूर्ण नाव सांग. जन्मतारीख सांग."

"सांता क्लॉज," लोर्ना म्हणायची. "जन्म उत्तर ध्रुवावर."

कोलेटचे कान लाल व्हायचे, पण ती थांबून राहायची.

"अगं बाई, काल माझ्या स्वयंपाकघरात बसून अर्धा वेलदोड्याचा पाव कुणी संपवला? आणि आज तुला मी कोण ते माहीत नाही?"

"नियम आहे."

"नियम शिकागोवाल्यांसाठी. आपल्याकडे कोण कुणाला ओळखत नाही? मी उद्या मेरी लाहतीला विचारलं, बाई तुझं नाव काय, तर ती गावभर सांगत सुटेल की लोर्नाच्या डोक्यावर परिणाम झालाय."

त्यात तथ्य होतंच. या भागात ओळखीच्या माणसाला नाव विचारणं म्हणजे त्याला परका म्हणणं. वर्गातले इतर जण ओशाळून हसत का होईना, विचारायचे. हापालाबाई समोर असल्या की लोर्नाही विचारायची. नियम तिला माहीत नव्हते असं अजिबात नाही. जो तिला खुळचटपणाचा वाटे, तेवढाच ती सोडायची.

दुसऱ्या सत्रात दोघींना गावच्या इस्पितळात प्रत्यक्ष कामावर पाठवलं. सोबत देखरेखीला हापालाबाई. इस्पितळाच्या लॅबमधली एक जागा उन्हाळ्यात रिकामी होणार होती आणि या वर्षी जो आधी पास होईल त्याला ती मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. लोर्नानं तर ती मिळाल्यातच जमा धरली होती. दुकानात, चर्चमध्ये, मासे पकडायला गोठलेल्या सरोवरावर बसलेल्या लोकांतही तिनं सांगून टाकलं होतं, "जूनपासून तुमचं रक्त मीच काढणार. घाबरून राहा."

पण हापालाबाईंनी पहिल्या दिवशीच दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "एका माणसाच्या नळीत दुसऱ्या माणसाचं रक्त आलं, की ज्याच्या हातून झालं त्याचं इथलं काम त्याच दिवशी संपलं. पुढच्या वर्षी परत यायचं. मी ओरडणार नाही, रागावणार नाही. फक्त घरी पाठवीन."

 लोर्नानं कोलेटच्या गुडघ्यावर थाप मारली.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी वरच्या मजल्यावरून निरोप आला. रेइनो सालमेला, खोली दोनशे चौदा, उद्या खुब्याचं ऑपरेशन. रक्तगट बघून रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायच्या. रेइनो जन्मात कधी इस्पितळात आलेला नव्हता, त्यामुळे जुनी नोंद नाही. अशा वेळी दोन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी रक्त काढायचं आणि दोन्ही गट जुळले तरच पुढे जायचं, अशी पद्धत. सकाळची नळी लोर्नाकडे आली, दुपारची कोलेटकडे.

"रेइनो!" लोर्ना खूश झाली. "थांब, त्याला चांगला फैलावर घेते."

सालमेला बंधू दोघेही बिनलग्नाचे. त्यांचं शेत होतं जिथं लोर्नाची बस वळायची तिथं, रस्त्याच्या टोकाला. हिवाळ्यात बस वळायला जागा हवी म्हणून पहाटेच दोघांपैकी कुणीतरी ट्रॅक्टरनं तिथला बर्फ बाजूला सारून ठेवायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. लोर्ना काचेतून हात करायची, ते नारिंगी टोप्यांखालून हात करायचे. ओन्नीची दाढी छातीपर्यंत, रेइनो गुळगुळीत. ओन्नी म्हणजे दाढी आणि रेइनो म्हणजे हनुवटी, असं वीस वर्षं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. रेइनो साउनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावरचा बर्फ झाडताना खाली पडला, ही बातमी गावात कालच फिरली होती.

लिफ्टमधून बाहेर पडून ती वळली तर समोरच्याच खोलीचं दार उघडं, आणि पलंगावर रेइनो. डोक्यावर टोपी नाही, नाकाला प्राणवायूची नळी, चेहरा उतरलेला, पण हनुवटी तीच. खोलीचा नंबर बघायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ओळखीचा माणूस समोर दिसतोय, तर नंबर कशाला बघायचा?

"काय हो रेइनो! या वयात छपरावर नाचायला कुणी सांगितलं होतं?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, ओळख पटून हसला आणि मान डोलावली.

"उद्या नवा खुबा बसवणार म्हणे. मग काय, जुलैत नाचायला याल ना माझ्याबरोबर?"

त्यानं मान डोलावली.

"हात द्या इकडे. दुखलं तर मला बसखाली ढकला."

तो पुन्हा हसला. मनगटावरचा पट्टा आतल्या बाजूला फिरला होता. कडेला 'सालमेला' एवढं दिसलं आणि लोर्नाला तेवढं पुरलं. शिरा बारीक होत्या, पण तिच्या बोटांना सापडली एक. एकदाच टोचलं, गुलाबी झाकणाची नळी भरली, पलंगाशेजारीच उभं राहून तिनं रेइनोच्या नावाचं लेबल नीट, सरळ चिकटवलं, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि शीळ घालत खाली आली. मग स्वतःच टेबलावर बसून गट पाहिला. निळ्या औषधाच्या थेंबात तांबड्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटल्या, पिवळ्या थेंबात मोकळ्या राहिल्या. गट ए. यात शंकेला जागाच नव्हती.

दुपारी कोलेट वर जाऊन आली. ती टेबलाशी बसली तेव्हा लोर्ना शेजारी हात धूत होती. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की कोलेट एकच काचनळी पुन्हा पुन्हा उजेडात धरून हलवते आहे.

"लोर्ना, जरा बघतेस?"

लोर्नानं पाहिलं. निळ्या थेंबात काहीच झालं नव्हतं. पिवळ्यातही नाही. दोन्हीकडे नुसतं तांबडं, मोकळं पाणी.

"हे तर ओ आहे," लोर्ना म्हणाली.

"मी दोनदा केलं."

"पण रेइनो ए आहे."

लोर्नानं तिच्या हातातून नळी घेतली, स्वतः पहिल्यापासून सगळं केलं. ओ गटच आला. कोलेटचा चेहरा पांढरा पडला होता.

"मग मी कुणाचं काढलं?" ती म्हणाली.

तिनं 'आपल्यापैकी कुणाचं चुकलं' असं विचारलं नाही, हे लोर्नाच्या तेव्हा लक्षातही आलं नाही. तिनं स्टूल ओढलं आणि अगदी मायेनं विचारायला सुरुवात केली. "घाबरू नकोस. नीट आठव. कुठल्या खोलीत गेलीस?"

"दोनशे चौदा."

"नाव विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"रेइनो सालमेला. म्हणजे... तसंच म्हणाला. मला वाटतं."

"वाटतं?"

कोलेटचे कान लाल झाले. "म्हणाला. बहुतेक."

"हे बघ, मी त्या माणसाला वीस वर्षं ओळखते. माझ्या नळीत दुसऱ्या कुणाचं रक्त येणं शक्यच नाही. त्याच्या आधी कुणाकडे गेली होतीस?"

"दोनशे नऊमधल्या बाईंकडे."

"आणि त्यांची नळी?"

कोलेटचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. मग म्हणाली, "खिशात असेल. कोटाच्या खिशात होती, मला वाटतं. लेबल लावायची राहिली असेल. मग मी दोनशे चौदातनं बाहेर आले आणि रेइनोचं लेबल त्याच नळीवर..."

"बघ," लोर्ना म्हणाली. "झालं असेल तसं."

हापालाबाई आल्या, दोन्ही नळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. "रक्त द्यायचं थांबवा. वरच्या नर्सला सांगून तिसरी नळी मागवते. तोवर तुम्ही दोघींनी कशालाही हात लावायचा नाही."

"मॅडम, मीच असणार," कोलेट म्हणाली.

"'असणार'वर मी कुणाला घरी पाठवत नाही. तिसरी नळी येऊ दे."

"लोर्नाचं चुकत नाही, मॅडम." कोलेटनं पांढरा कोट काढला, त्याची नीट घडी घातली, स्टुलावर ठेवला. "मला हे जमणार नाही हे मला नाताळातच कळलं होतं. मी भावाला फोन करते. कॉलेजला मी उद्या कळवीन."

"कॉलेजला? अगं, फार तर एक वर्ष जाईल," लोर्ना म्हणाली.

"नाही. एखादा माणूस मेला असता." एवढं बोलून ती गेली.

हापालाबाईंनी तिला अडवलं नाही. फोन वाजत होता, तो उचलायला त्या आत गेल्या. लोर्नाला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्या वाईट वाटण्यात एक निवांतपणाही होता, आणि तो होता हे नाकारण्यात अर्थ नाही. मॅडमकडे रदबदली करायची, पोरीला चार दिवसांनी पुन्हा भेटायचं, पुन्हा झाडायचं, पुन्हा आणायचं. हे सगळं तिच्या सवयीचं होतं. तोवर वर जाऊन रेइनोला जरा समजवावं, बिचाऱ्याला तिसऱ्यांदा टोचणार, संतापला असेल, असा विचार करून ती जिना चढली. नळीला हात लावायची मनाई होती, भेटायची नव्हती.

दार तसंच उघडं होतं. म्हातारा उशांना टेकून चमच्यानं पुडिंग खात होता.

"काय हो रेइनो, आज तुमच्या हाताची चाळणच केली आम्ही पोरींनी."

"रेइनो?" त्यानं चमचा खाली ठेवला. "पोरी, मी ओन्नी."

लोर्ना हसली. "ओन्नीला दाढी आहे."

"होती," म्हातारा म्हणाला. "चाळीस वर्षं वाढवली होती. न्यूमोनिया झाला, तोंडावर तो मास्क नीट बसेना, तर या लोकांनी भादरली. आरसा दाखवला तर मला वाटलं, हा रेइनो इथं काय करतोय." तो खोकला, दम खाऊन पुढे म्हणाला, "तीन दिवस खाली अतिदक्षतेत होतो, आज पहाटे इथं आणलं. तो बावळट पलीकडच्या खोलीत आहे. सगळं एकट्यानं करायला गेला आणि पडला. मी असतो तर शिडी धरली असती."

"पण सकाळी..." लोर्नाचा आवाज तिलाच परका वाटला. "सकाळी मी तुम्हाला रेइनो म्हणून हाक मारली. तुम्ही मान डोलावलीत."

"असेल. कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये होतं. तुझे ओठ हलत होते, तू हसत होतीस. म्हटलं, बसवाली पोरगी आहे, चांगलंच काहीतरी बोलत असेल."

तिनं त्याचं मनगट हातात घेतलं आणि पट्टा फिरवला. सालमेला, ओन्नी. मागे वळून दाराकडे पाहिलं. दोनशे बारा.

लोर्ना पलंगाच्या कडेला बसली.  ओ गटाच्या माणसाच्या अंगात ए गटाचं रक्त गेलं तर काय होतं हे तिनं ऑक्टोबरात परीक्षेत लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. हुडहुडी भरते, कमरेत कळा येतात, लघवी काळी होते, मूत्रपिंडं बंद पडतात. आणि गुंगीत, टेबलावर असलेल्या माणसाला तर काही सांगताही येत नाही. कोलेटची नळी नसती तर उद्या सकाळी तिनं रेइनोला मारलं असतं. तिच्या बससाठी अंधारात बर्फ सारणाऱ्या माणसाला.  स्वतःची इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"काय झालं गं? रेइनोला काही झालं का?" ओन्नीनं विचारलं.

"नाही. रेइनोला काही झालेलं नाही. काही होणारही नाही." ती उठली. "तुम्ही पुडिंग संपवा."

जिन्यात तिच्या मनात एक गोष्ट आलीच. तिसरी नळी एव्हाना खाली पोचली असेल, तिच्यातून सगळं आपोआप बाहेर येईल, आपण तोंड उघडायची गरजही नाही. त्या वेळी आपण जरा कॉफी प्यायला गेलो असलो तर हापालाबाई स्वतःच कोलेटला फोन करतील. पण पोरगी एकदा भावाच्या गाडीत बसली, घरी गेली, दार लावून घेतलं, की मग कुणाच्याही फोननं ती परत येणार नाही. हे लोर्नाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती उरलेल्या पायऱ्या धावत उतरली.

हापालाबाई यंत्रासमोर उभ्या होत्या. आत तिसरी नळी गरगर फिरत होती.

"मॅडम, चुकीची नळी माझी आहे. मी दोनशे बारामध्ये गेले आणि त्याच्या भावाचं, ओन्नीचं, रक्त काढलं. मी नाव विचारलं नाही. पट्टा पूर्ण वाचला नाही. चेहरा ओळखीचा होता म्हणून."

हापालाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे यंत्र आता थांबेल. पाच मिनिटं गप्प बसली असतीस तरी मला कळलंच असतं."

"पाच मिनिटांत कोलेट गेली असती."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझं इथलं काम संपलं, लोर्ना."

"माहीत आहे."

"पुढच्या जानेवारीत ये."

"येणारच," लोर्ना म्हणाली. आवाज जरा कापरा होता, पण शब्द तिचेच होते. "उन्हाळ्यातली जागा कोलेटला द्यायला सांगा. आणि मी आले की मला सगळ्यात कटकट्या माणसाच्या हाताखाली घाला."

"मीच असेन," हापालाबाई म्हणाल्या. "जा, तिला गाठ."

कोलेट इस्पितळाच्या दाराबाहेरच्या बाकावर पाठीवरची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बारीक बर्फ पडत होता. लोर्ना तशीच, कोट न घालता, बाहेर पळाली. रस्त्याच्या वळणावर कोलेटच्या भावाचा पिकअप ट्रक दिसायला लागला होता.

"आत चल," लोर्नाला धाप लागली होती. "तुझी नळी बरोबर आहे. माझी चुकली. रेइनो ओ आहे. मी भलत्याच खोलीत शिरले होते."

कोलेटनं वर पाहिलं. "पुन्हा सांग."

लोर्नानं पुन्हा सांगितलं. दाढीचं, कानातल्या यंत्राचं, पट्ट्याचं, सगळं सांगितलं. स्वतःची एकही बाजू मांडली नाही. तिला वाटलं होतं की पोरगी आता रडेल, गळ्यात पडेल, आणि मग आपण तिला थोपटून आत नेऊ. कोलेट रडली नाही. तिचे कान लाल होत गेले, पण या वेळी ती लाजेनं लाल झालेली नव्हती.

"मी नाव विचारलं होतं," ती म्हणाली. "त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. रेइनो सालमेला. जन्मतारीख सांगताना, त्या दिवशी हिमवादळ होतं म्हणे, असंही म्हणाला. मला सगळं आठवत होतं. मग तू 'वाटतं?' म्हणालीस, आणि मला आठवेनासं झालं."

"कोलेट..."

"थांब. मला बोलू दे." ती उभी राहिली. उभी राहिली की ती लोर्नापेक्षा चांगली वीतभर उंच होती, आणि हे लोर्नाला आजवर कधी जाणवलं नव्हतं. "ती दोनशे नऊमधल्या बाईंची नळी. खिशातली. तशी कुठलीच नळी नव्हती, लोर्ना. माझ्या खिशात काहीच नव्हतं. त्यांचं लेबल मी त्यांच्या उशाशी उभं राहून लावलं होतं. तू म्हणालीस म्हणून मी ती नळी मनानं रचली. तुझं चुकत नाही ना, मग माझं चुकलेलं असायलाच हवं. म्हणून मी माझी चूक तयार केली. आणि मग ती मला खरीच वाटायला लागली."

  पिकअप दारासमोर येऊन थांबला. भावानं काच खाली केली आणि दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"घरी जा, रेमी," कोलेट म्हणाली. "मला अजून काम आहे."

"अगं पण तूच तर रडत फोन..."

"जा म्हटलं ना!"

रेमीनं काच वर केली.

"मी माफी मागते," लोर्ना म्हणाली. "तुझी. मनापासून."

"आज नको," कोलेट म्हणाली. "आज मला ती ऐकायची नाही. रेइनोसाठी रक्त तयार करायचंय, आणि मॅडम एकट्या आहेत." तिनं पिशवी खांद्याला लावली आणि आत गेली. दार मागे आपलं आपण लागलं.

लोर्नाचा कोट आत, लॅबमधल्या खुंटीवर होता. गाडीच्या किल्ल्या त्याच कोटात होत्या. काचेतून तिला कोलेटची पाठ दिसली, ताठ, भराभर जाणारी. बर्फ आता जोरात पडायला लागला होता, पण आत जाऊन तो कोट घ्यायचं धाडस लोर्ना केटुनेनला बराच वेळ झालं नाही.